मामांच्या हातातला माइक: जुन्या मसल कारच्या फोटोत आतलं कसं वाचावं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "माझे मामा १९६९ मध्ये इंजिनिअरिंगच्या पुढच्या शिक्षणासाठी ओहायोला गेले. त्यांच्या अल्बममध्ये एक रंगीत फोटो सापडला. वर्गमित्राच्या गाडीत ते स्टीअरिंगमागे बसलेत आणि हातात चक्क माइक धरलाय. गिअरच्या दांडीची मूठ पिस्तुलासारखी दिसते. फोटोच्या मागे निळ्या शाईने 'डॉज चॅलेंजर, १९७०' असं लिहिलंय. ओळखीतले एक जाणकार म्हणतात, माइक पोलिसांच्या वायरलेसचा असणार, मूठ बाजारातून आणून लावलेली, आणि सालही चुकलंय. खरं काय? आणि त्या काळातल्या अशा गाड्यांच्या फोटोंत आतल्या बाजूला जे चमत्कारिक काही दिसतं, ते मूळचं की मागाहून बसवलेलं, हे ओळखायचं कसं?"

आधी तुमच्या फोटोचं बघू, कारण तिथे ठाम उत्तर देता येतं. माइक पोलिसांचा नाही. मूठ बाहेरून लावलेली नाही. मामांनी लिहिलेलं सालही बरोबर आहे. मात्र गाडी १९७१ च्या मॉडेलची आहे. हे सगळं एकाच वेळी खरं कसं, ते सांगतो.

मी गेली सव्वीस वर्षं मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांचं आतलं काम करतो. सीटा, दारांची अस्तरं, छताचं कापड, डॅशबोर्डची पॅडिंग, सगळं. त्याआधी पुण्याला नाना पेठेत वडिलांच्या हाताखाली फियाट आणि अ‍ॅम्बेसेडरच्या सीटा शिवल्या. त्यामुळे फोटोत माझी नजर पहिल्यांदा शिलाईवर जाते, इंजिनवर नाही. तुमच्या फोटोत मला सगळ्यात आधी दिसली ती सीटची पाठ. तुमचे मामा जरा पुढे झुकलेत, म्हणून त्यांच्या खांद्यामागे सीटची पाठ जिथे संपते आणि डोक्याची गादी जिथे सुरू होते, त्यामधली बोटभर फट स्पष्ट दिसते. १९७० च्या चॅलेंजरला ही फट नसते. त्या वर्षी पुढच्या बकेट सीटा उंच पाठीच्या, एकसंध होत्या. डोक्याचा टेका सीटच्या पाठीतच घडवलेला असे. १९७१ मध्ये सीट बदलली, पाठ बुटकी झाली आणि डोक्याची गादी वेगळी, वरखाली सरकणारी आली. त्या एका फटीने साल ठरतं.

माइकनेही तेच ठरतं. १९७१ च्या मॉडेलांना क्रायस्लर कंपनीने (डॉज आणि प्लिमथ या गाड्या तिच्याच) कॅसेट प्लेअरचा पर्याय दिला, आणि त्याला जोडून माइकही मिळायचा. म्हणजे गाडीत बसून स्वतःचा आवाज टेप करता यायचा. कंपनीच्या डोळ्यासमोर व्यावसायिक मंडळी असावीत, ज्यांना गाडी चालवता चालवता पत्राचा मजकूर सांगून ठेवायचाय. घेतला मात्र अनेक तरुणांनी, हौसेखातर. डॅशबोर्डच्या खाली, मधल्या उंचवट्यावर हा टेपचा डबा बसायचा आणि त्यातून माइकची वायर निघायची. तुमच्या फोटोत वायर मामांच्या गुडघ्यावरून खाली त्याच दिशेला जाते. पोलिसांचा वायरलेस असता तर डॅशबोर्डवर किंवा खाली मोठी लोखंडी पेटी आणि माइक अडकवायची खुंटी दिसली असती.

मूठ हर्स्ट या गिअरच्या दांड्या बनवणाऱ्या कंपनीची. १९७० पासून चार गिअरच्या मॅन्युअल गाड्यांना क्रायस्लरने ही पिस्तुलासारखी मूठ कारखान्यातूनच द्यायला सुरुवात केली. दोन बाजूंना लाकडासारख्या दिसणाऱ्या चकत्या, मधे धातू. ती नंतर लावल्यासारखी वाटते याला कारण आहे. गेल्या तीस-चाळीस वर्षांत तिच्या नकला इतक्या निघाल्या की ज्या गाडीला ती कधीच नव्हती तिलाही लोकांनी बसवली. तीन गिअरच्या गाडीला लावलेली मी स्वतः पाहिली आहे. म्हणून तुमच्या जाणकारांचा संशय आजच्या गाडीबद्दल असता तर रास्त होता. १९७० सालच्या फोटोतल्या गाडीबद्दल नाही.

आता साल. अमेरिकेत गाडीचं 'मॉडेल इयर' जानेवारीत सुरू होत नाही. १९७१ च्या गाड्या १९७० च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच शोरूममध्ये आल्या होत्या. तुम्ही पाठवलेल्या स्कॅनमध्ये फोटोच्या पांढऱ्या कडेवर बारीक अक्षरांत नोव्हेंबर ७० असं छापलंय. त्या काळी प्रिंट धुऊन निघाली की प्रयोगशाळा कडेला महिना-साल छापायची. ती तारीख फोटो काढल्याची नव्हे, प्रिंट काढल्याची असते. रोल कॅमेऱ्यात सहा महिने पडून राहिला तर तेवढा फरक पडतो, हे लक्षात ठेवा. पण प्रिंटच्या आधी फोटो निघालेला असतोच. म्हणजे वर्गमित्राने १९७० च्या शरदात नवी कोरी १९७१ ची चॅलेंजर घेतली आणि मामांना तिच्यात बसवून फोटो काढला. मामांनी मागे लिहिलं ते कॅलेंडरचं साल.

आता तुमच्या दुसऱ्या, मोठ्या प्रश्नाकडे येतो.

मसल कार म्हणजे साधारण मध्यम आकाराच्या घरगुती गाडीत मोठ्या गाडीचं इंजिन. १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून हे युग मानतात. त्यात पाँटिॲकच्याच टेम्पेस्ट गाडीच्या अंगात ३८९ घनइंचांचं, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं व्ही-८ इंजिन होतं. तेव्हाच्या गाड्यांत पर्याय इतके असायचे की दोन सख्ख्या भावांनी एकाच दिवशी एकाच शोरूममधून एकच मॉडेल घेतलं तरी आतून दोन वेगळ्या गाड्या निघायच्या. त्यामुळे 'असं कधी पाहिलं नाही' एवढ्यावरून काही खोटं ठरत नाही. माझा अनुभव तर उलटाच आहे. फोटोत जे सगळ्यात चमत्कारिक वाटतं ते बहुतेकदा कारखान्यातलं असतं, आणि जे अगदी साधं वाटतं, एखादा काळा आरपीएम मीटर किंवा डॅशबोर्डखालची तीन गोल मीटरं, ते मागाहून बसवलेलं असतं. मालक नेहमी उपयोगाची वस्तू बाहेरून आणतो. वेड्यासारखी वस्तू करून विकायची हिंमत त्या काळच्या कारखान्यांतच होती.

फोटो हातात आला की मी आधी कायद्याने बसवलेल्या गोष्टी बघतो, कारण त्यांना तारीख असते आणि त्यात कुणाची हौस चालत नाही. १ जानेवारी १९६८ पासून बनलेल्या गाड्यांना पुढे खांद्याचा पट्टा सक्तीचा झाला. तो तेव्हा कमरेच्या पट्ट्यापासून वेगळा असे आणि वापरायचा नसला की दाराच्या वर, छताच्या कडेला चिमट्यांत अडकवून ठेवत. बहुतेकांनी तो तिथून कधी काढलाच नाही, म्हणून फोटोत छताला काळी आडवी पट्टी दिसते आणि लोक विचारतात की हे कशाला. १ जानेवारी १९६९ पासून डोक्याचा टेका आला. १९६९ चं मॉडेल असूनही टेका नसलेली गाडी फोटोत दिसली तर ती १९६८ च्या शरदात बनलेली असू शकते, यात खोटं काही नाही. किल्लीचं भोक डॅशबोर्डवरून स्टीअरिंगच्या दांड्यावर आलं ते जनरल मोटर्सच्या गाड्यांत १९६९ ला आणि फोर्ड-क्रायस्लरमध्ये १९७० ला. म्हणून १९६९ च्या कॅमॅरोची किल्ली स्टीअरिंगजवळ आणि त्याच वर्षीच्या चार्जरची अजून डॅशबोर्डवर. खिडकीची पुढची तिकोनी फिरती काच पाहिली तर कॅमॅरो १९६७ ची, कारण १९६८ पासून ती काढलीच. फोर्डच्या मस्टँगला ती १९६८ पर्यंत टिकली.

क्लचच्या डाव्या बाजूला जमिनीवर धातूचं गोल बटण दिसलं तर दचकू नका. तो डिपर. आपल्या जुन्या अ‍ॅम्बेसेडरचाही डिपर पायानेच मारायचा, घरातल्या थोरांना विचारा.

दुसरी पायरी म्हणजे जे दिसत नाही ते बघणं. १९६३ च्या एखाद्या प्लिमथचा आतला फोटो घ्या. बाहेर ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे सरळ रेषेतल्या शर्यतीच्या पट्टीवर धावणारी गाडी, बॉनेटखाली ४२६ घनइंचांचं मॅक्स वेज इंजिन, आणि आत गिअरची दांडीच नाही! जमिनीवर नाही, स्टीअरिंगला नाही. लोकांना वाटतं फोटोतून खोडली. डॅशबोर्डच्या डाव्या टोकाला नीट बघा, लहान बटणांची रांग दिसेल. क्रायस्लरने ऑटोमॅटिक गिअर १९५६ पासून १९६४ पर्यंत बटणांवर ठेवले होते. आर, एन, डी, दोन, एक. त्यात पार्किंगसाठी वेगळा खटका. शर्यतवाल्यांना ही बटणं फार आवडायची. हात स्टीअरिंगवरून फारसा हलवायला नको, आणि चुकून भलत्याच गिअरात जायची भीती कमी. १९६५ मध्ये बटणं गेली, नेहमीची दांडी आली. म्हणजे बटणं दिसली की १९६४ किंवा आधीचं, हा निकाल पक्का.

शर्यतीसाठी बनवलेल्या गाड्यांच्या फोटोत तर अर्धी गाडीच गायब असते, आणि मला सगळ्यात जास्त प्रेम याच फोटोंवर आहे. फोर्डने १९६४ मध्ये फेअरलेनमध्ये ४२७ चं इंजिन कोंबून थंडरबोल्ट काढली, साधारण शंभर गाड्या. वजन वाचवायला रेडिओ काढला, हीटर काढला, हात टेकायच्या पट्ट्या काढल्या, शेजाऱ्याच्या डोळ्यांवरचा सनव्हायझर काढला, कार्पेटच्या जागी रबराची चटई टाकली आणि पुढे इकोनोलाइन व्हॅनच्या हलक्या सीटा बसवल्या. फोटोत त्या सीटा इतक्या किरकोळ दिसतात की कुणालाही वाटावं, गरीब मालकाने भंगारातून आणल्या. डॉजची १९६८ ची हेमी डार्ट त्याच्याही पुढे गेली. हर्स्टकडे तयार झालेल्या त्या गाडीत मागची सीट नाही, काचा पातळ, आणि काच वरखाली करायची यंत्रणाच काढलेली. दाराला फिरवायचं हँडल नाही. काच वर ओढायला एक पट्टा, बस. मी अशी एक गाडी एका प्रदर्शनात जवळून पाहिली. पट्ट्याची कड हाताच्या घामाने काळी पडली होती आणि शिलाईचे टाके कारखान्यातलेच होते, दर टाक्यात सारखं अंतर. मी बराच वेळ तिथून हललो नाही. एवढ्या ताकदीच्या गाडीत काच ओढायला एस.टी.च्या सामानाच्या पट्ट्यासारखा एक तुकडा पुरेसा मानला, हे त्या माणसांचं धाडस मला फार मोठं वाटतं.

शेल्बीची १९६५ ची जीटी-३५०, म्हणजे शर्यतीसाठी बदललेली मस्टँग, याच जातीची, पण तिच्या मागे नियमांची गोष्ट आहे. तिच्या आतल्या जुन्या फोटोत मागे सीटच्या जागी स्टेपनी ठेवलेली दिसते. कुणी प्रवासाला निघालंय असं वाटतं. प्रत्यक्षात शर्यतीच्या संघटनेने मस्टँगला स्पोर्ट्स कार म्हणून उतरू द्यायचं तर ती दोन माणसांची हवी होती. म्हणून मागची सीट काढून तिथे फायबरग्लासचा फळा आणि त्यावर स्टेपनी. १९६६ मध्ये मागची सीट पुन्हा मिळू लागली. फोटोत फळ्यावर स्टेपनी दिसली तर १९६५ कडे झुका.

लपवलेल्या बटणांबद्दल थोडक्यात. १९७० च्या जीटीओला काही महिने डॅशबोर्डखाली डावीकडे एक ओढायचा खटका मिळायचा, त्यावर 'एक्झॉस्ट' लिहिलेलं. ओढला की सायलेन्सरमधली झडप उघडायची आणि आवाज मोकळा व्हायचा. वरच्या साहेबांनी हा पर्याय लवकरच बंद करायला लावला, त्यामुळे अडीचशेपेक्षाही कमी गाड्यांना तो लागला. फोटोत तो दिसला तर फोटो जपून ठेवा. त्याच वर्षी प्लिमथच्या रोड रनरला डॅशबोर्डखाली एक स्विच होता, तो दाबला की बॉनेटवरचं हवेचं झाकण उघडायचं आणि झाकणाच्या बाजूंना रंगवलेले दात दिसायचे. १९६७ च्या जीटीओला ऑटोमॅटिकसाठी हर्स्टचा दुहेरी गाळ्याचा गिअर मिळे. एका गाळ्यात साधं ड्राइव्ह, दुसऱ्यात हाताने एकेक गिअर चढवायची सोय. जाहिरातीत त्याला 'त्याचा आणि तिचा' म्हटलं होतं, म्हणजे हाताने चढवायचा गाळा नवऱ्याचा आणि साधा बायकोचा. आज ते खटकतं, पण फोटोत शेजारी शेजारी दोन खाचा दिसल्या तर तेच.

तबकड्यांचं एक सांगतो, कारण त्यावर मला सगळ्यात जास्त प्रश्न येतात. १९६८ ते १९७० च्या डॉज-प्लिमथमध्ये एक गोल मीटर असे, त्याच्या बाहेरच्या कडेला इंजिनचे फेरे आणि आतल्या बाजूला घड्याळ. फोटोत तीन काटे दिसतात आणि लोक गोंधळतात. त्याला 'टिक-टॉक-टॅक' म्हणत. १९६६-६७ च्या चार्जरमध्ये मीटरांना बल्बच नव्हते. काटे आणि आकडे स्वतःच निळसर हिरवे उजळायचे. त्यासाठी जास्त दाबाची एसी वीज बनवणारी छोटी पेटी डॅशबोर्डमागे असे. रात्री काढलेल्या जुन्या फोटोत हे मीटर अंधारात तरंगल्यासारखे दिसतात. तो फोटोचा दोष नाही, तसेच दिसायचे. आणि १९६७ पासूनच्या काही पाँटिॲकच्या आतून काढलेल्या फोटोत समोरच्या काचेपलीकडे, बॉनेटवर एक मीटर दिसतं. तो आरपीएम मीटर. पाऊस, धूळ, ऊन सगळं खात बाहेर बसायचा.

आता माझ्या धंद्याचं, कापडाचं. इथे फोटो बघणारे सगळ्यात जास्त चुकतात, कारण मसल कार म्हणजे काळं रेक्झिन अशी समजूत आहे. १९६८-६९ च्या कॅमॅरोत सीटच्या मधल्या भागाला हाउंडस्टूथचं काळं-पांढरं कापड मिळायचं, मोडक्या चौकटींचं, कोटाच्या कापडासारखं. १९६५-६६ च्या मस्टँगमध्ये सीटच्या पाठीवर धावत्या घोड्यांचा ठसा उठवलेला असे. १९६९-७० मध्ये प्लिमथने बारॅकुडाच्या छतावर फुलाफुलांचं व्हिनाइल चढवलं आणि आत सीटांनाही तीच फुलं. तुम्ही फोटो पाहाल तर शपथ घ्याल की कुणाच्या आईने टेबलक्लॉथ शिवून घातलाय. एएमसी कंपनीच्या १९७२-७३ च्या जॅव्हलिनमध्ये तर फ्रेंच फॅशनवाले पिएर कार्दँ यांनी आखलेलं कापड यायचं, काळ्यावर लाल, जांभळट, पांढऱ्या आणि चंदेरी पट्ट्यांची लाट, सीटवरून दारावर चढणारी.

मूळ शिलाई फोटोत ओळखायला माझ्या तीन खुणा आहेत. कारखान्यातल्या सीटवरच्या उभ्या पट्ट्या बहुतेकदा उष्णतेने दाबून केलेल्या असतात, शिवलेल्या नसतात, म्हणून त्यांची रुंदी अगदी सारखी आणि टोकं गोलसर. हाताने केलेल्या कामात पट्ट्या टोकाला किंचित पसरतात. दुसरी, कडेची पाइपिंग. कारखान्यात तिचा जोड मागे, न दिसणाऱ्या कोपऱ्यात असतो. गल्लीतला कारागीर तो जिथे रीळ संपेल तिथे घेतो. तिसरी खूण म्हणजे दाराचं अस्तर आणि सीट यांची जोडी. बदलताना माणूस सीट बदलतो, दार तसंच ठेवतो. दोन्हींवर एकच पोत आणि एकच रंग असेल तर बहुधा मूळचं.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो, म्हणजे तुम्हाला कळेल की मी हे एवढं का सांगतोय. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी १९६८ ची एक रोड रनर कामाला आली. पुढे साधी बेंच सीट, जमिनीवर कार्पेट नाही, काळी रबरी चटई. मला वाटलं, मधल्या कुणा मालकाने पैसे वाचवलेत. मी मालकाला विचारून छान काळं कार्पेट कापलं, बसवलं आणि चटई टाकून दिली. नंतर मागची सीट शिवायला काढली. खालच्या स्प्रिंगांत घडी घातलेला एक तपकिरी कागद अडकला होता, एक कोपरा उंदरांनी खाल्लेला. क्रायस्लरच्या कारखान्यात प्रत्येक गाडीबरोबर असा कागद फिरायचा, त्यावर गाडीला काय लावायचं याचे चौकोन असायचे. काम झालं की कामगार तो सीटखाली तसाच सोडून द्यायचे. त्या कागदावर सजावटीचा एकही पर्याय घेतलेला नव्हता. मग मला १९६८ च्या जाहिरातीतली किंमत आठवली. २,८९६ डॉलर. एवढ्या कमी किमतीत एवढं मोठं इंजिन द्यायचं म्हणून प्लिमथने त्या गाडीला टॅक्सीसारखं आतलं काम दिलं होतं. ती रबरी चटई हीच त्या गाडीची ओळख होती आणि मी ती कचऱ्यात घातली. तशा मापाची नवी चटई मिळवायला आम्हाला सात महिने लागले, आणि ती नवीच राहिली. मालकाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. त्याच्याकडे १९६८ चा, त्याच्या काकांनी काढलेला फोटो होता, ज्यात दार उघडं होतं आणि ती चटई दिसत होती. तो मला कामाच्या आधी दाखवावा असं त्याला सुचलं नाही. आणि मीही मागितला नव्हता. तेव्हापासून गाडी आत घेण्याआधी मी जुने फोटो मागतो, अगदी धूसर असले तरी.

फोटोवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कंपनीच्या माहितीपत्रकातले फोटो अनेकदा सुरुवातीच्या नमुना-गाडीचे असत, ज्यातली मूठ किंवा बटण पुढे विकायच्या गाडीत आलंच नाही. कधी हाताने रंगवून सुधारलेले. घरातल्या माणसाने काढलेला हललेला फोटो मला माहितीपत्रकापेक्षा मोलाचा वाटतो. स्टीअरिंग उजवीकडे दिसलं तर दोन शक्यता. निगेटिव्ह उलटं धरून प्रिंट काढली असेल. ते तपासायला मीटरवरचे आकडे, गिअरची अक्षरं आणि शर्टाची बटणं बघा. पुरुषाच्या शर्टाची बटणपट्टी उलटी असेल तर फोटोही उलटा. आकडे सरळ असतील तर गाडी बहुधा ऑस्ट्रेलियाची. तिथे स्वतःच्या मसल कार होत्या, आणि १९६८ च्या होल्डन मोनॅरो जीटीएसमध्ये आरपीएम मीटर चक्क खाली, गिअरजवळच्या कन्सोलवर होता. तो वाचायला रस्त्यावरून नजर काढावी लागे, म्हणून पुढच्या मॉडेलला तो वर डॅशबोर्डवर नेला. गिअरशेजारचा तो मीटर फोटोत पाहून कित्येक जण 'हे कुणीतरी घरी केलंय' म्हणतात. तेही कारखान्यातलंच.

तुमच्या फोटोकडे परत येतो, कारण त्यात एक गोष्ट राहिली. मामांचं तोंड उघडं आहे आणि अंगठा माइकच्या बाजूला टेकलाय. फोटोसाठी नुसता माइक धरणारा माणूस हसतो आणि कॅमेऱ्याकडे बघतो. मामा कॅमेऱ्याकडे बघत नाहीयेत. ते बोलताहेत. त्या काळी भारतात फोन लावणं महाग आणि कटकटीचं होतं, आणि परदेशातली मुलं आवाज टेप करून पाकिटातून घरी पाठवायची. मला वाटतं, मित्राने नवी गाडी दाखवताना 'घरी काहीतरी बोल' म्हणून माइक हातात दिला असावा. आजोळच्या ट्रंकेत, पत्रांच्या गठ्ठ्यात कॅसेट आहे का ते शोधा. सापडली तर लगेच वाजवू नका. आत टेपच्या मागे फेल्टची एक इवलीशी गादी असते, तिचा गोंद इतक्या वर्षांत सुटलेला असतो आणि टेप हेडला नीट टेकत नाही. आधी पेन्सिल घालून हाताने संपूर्ण टेप एकदा या टोकाहून त्या टोकाला फिरवा, कुठे चिकटतेय का बघा, गादी सुटली असेल तर जाणकाराकडून बदलून घ्या. मग चांगल्या डेकवर, पहिल्याच वेळी रेकॉर्ड करत वाजवा, कारण दुसरी वेळ मिळेलच असं नाही.

आणि फोटो पुन्हा स्कॅन करणार असाल तर कडेची पांढरी पट्टी कापू नका. मागची बाजूही स्कॅन करा, मामांच्या अक्षरासकट.